डांबरी रस्ता जिथं संपतो

खानापूर, २८ जुलै

प्रिय दत्तू,

तुझा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो, म्हणून धड बोललो नाही. राग मानू नकोस. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तसा आपल्याकडे आला तर काय फरक पडेल, असं विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी काकूचं सांगतो. भीमगड अभयारण्याच्या रानातलं तिचं गाव तुला आठवत असेलच, आंबे खायला गेलो होतो ते. पहाटे तिला धाप लागली. फोनला रेंज नाही, म्हणून पोरगा टेकडावर चढला आणि तिथनं १०८ ला फोन लावला. गाडी आली, पण डांबरी रस्त्यापर्यंतच. मधे पाच किलोमीटर रान आणि दोन नाले. मग प्लॅस्टिकची खुर्ची दोन वाशांना बांधली, काकूला तीत बसवली आणि सहा जणांनी आळीपाळीनं खांदा दिला (शब्द अभद्र आहे, पण दुसरा सुचत नाही). मीही होतो. पाऊस असा की समोरचं दिसेना, पोटऱ्यांना जळवा. आणि काकू छत्री धरून वरनं विचारते, ‘दमलासा काय? उतरूं काय जरा?’

खानापुरात सलाईन लावलं, चिठ्ठी दिली, बेळगावला पाठवलं. तिथला डॉक्टर विजापूरकडचा, कोवळा पोरगा, पण मन लावून बघणारा. काकू सांगते, ‘कसनुसं होतंय, जीव घाबरा होतोय.’ आता ‘कसनुसं’ला कन्नडात काय म्हणायचं? मी माझ्या मोडक्या कन्नडात ‘एदे नोवु’ म्हणून मोकळा झालो, म्हणजे छातीत दुखतंय. दुखत तर नव्हतंच. तपासणी बरोबर झाली हे नशीब. गोळ्या देताना तो समजावत होता, ‘ऊटा आद मेले’, जेवण झाल्यावर. काकू घाबरून माझ्याकडे बघते, ‘मेले मेले काय म्हणूलाय गा ह्यो?’ डॉक्टरला अर्थ सांगितला तर तोही हसला. नंतर आशाताईनं पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले तेव्हा कुठं काकूला पटलं.

आता तुझा कायदा. हक्क आजही कागदावर आहेच की. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंगालातल्या एका शेतमजुराच्या खटल्यात सांगितलं, तातडीचा उपचार न देणं म्हणजे घटनेच्या कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. तो माणूस रेल्वेतून पडलेला, एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवलेलं. काकूला कुणीच परत पाठवलं नाही, दत्तू. १०८ आली, डॉक्टर होता, बीपीएल कार्डावर उपचारही झाले. मग दाद मागायची कुणाविरुद्ध? नाल्याविरुद्ध?

खरी मेख मोजमापात आहे. डोंगराळ भागात तीन हजार माणसांमागं एक उपकेंद्र, वीस हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. काकूच्या गावात घरं चाळीस. आजूबाजूच्या वाड्या धरल्या तरी आकडा भरत नाही, आणि या वाडीहून त्या वाडीला जायला अर्धा दिवस जातो तो कुणी धरत नाही. मोजायचाच तर वेळ मोजा ना! रस्ता मागावा तर अभयारण्य आड येतं. वनखातं म्हणतं, घरामागं पंधरा लाख देतो, बाहेर या. काहींनी होकारही दिला. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, पण दवाखाना गावात जाईना म्हणून गावानंच उठायचं, हा न्याय मला काही पचत नाही.

सीमेची गंमत वेगळीच. काकूची लेक चंदगडला दिलेली. तिकडच्यांना कोल्हापूर लांब, म्हणून आजारी पडले की तेही बेळगावलाच येतात, महाराष्ट्राचं कार्ड घेऊन. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांनाही महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, तर कर्नाटकानं हरकत घेतली. गोव्याला बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात न्यावं, तर २०१८ पासून बाहेरच्यांना तिथं पैसे पडतात. तीन राज्यांच्या तिठ्यावर राहतो आपण, आणि पेशंट न्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न, कुठल्या राज्याचं कार्ड शोधायचं!

काकू आता बरी आहे, भाकऱ्या थापते, तुझी चौकशी करते. गणपतीला येशील तेव्हा चांगली बॅटरी घेऊन ये, आणि गमबूट.

आठ दिवसांनी दाखवायला आणा म्हणाले होते. आज एकविसावा दिवस. नाल्याचं पाणी अजून कमरेएवढं आहे.

तुझा,
बाळू