उद्यमनगरच्या मेस्त्रीमामांना, दुसऱ्या अल्टरनेटरबद्दल

मेस्त्रीमामा,
सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलं आहे. "डॉल्बीवाले दारात रांग लावतील आन् माझी पंपाची कामं मागं पडतील," हे तुमचे शब्द. म्हणून नाव नाही, गल्लीही नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात मेस्त्री काही कमी नाहीत, त्यामुळे एवढ्यावरून कुणी तुम्हाला शोधून काढेल असं वाटत नाही. पण जीपचं बॉनेट उघडलं की बघणारा विचारतोच, हा दुसरा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करणारं, बॅटरी भरणारं यंत्र) कुणी बसवला? आणि तुमच्या बिलावर तर तीनच शब्द आहेत: ब्रॅकेट, वायरिंग, किरकोळ. त्या 'किरकोळ'मध्ये काय काय होतं ते चार लोकांना कळावं, म्हणून हे उघडं आभार पत्र.

मी आलो तेव्हा गाडीत मागं पंधरा इंची सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) आणि १,५०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा, मोनोब्लॉक अँप (एकाच चॅनेलचा अँप्लिफायर) आधीच बसलेला होता. हलगी-ढोलाचं काही लावलं की ठोक्यागणिक हेडलाइट मंदावायचे. बसवणाऱ्या दुकानाचा सल्ला होता, एक फॅराडचा कपॅसिटर (वीज साठवून झटक्यात सोडणारा डबा) टाका, झालं. तुम्ही कपॅसिटरला वाईट म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, "भरणार कुठनं त्यो?"

घरी जाऊन मी कागदावर मांडून बघितलं. एक फॅराडचा कपॅसिटर १४.४ व्होल्टवरून १३.४ वर उतरताना साधारण १४ ज्यूल देतो. माझा अँप पूर्ण जोरात असताना १,८०० वॉटच्या वर ओढतो. म्हणजे ते १४ ज्यूल आठ मिलिसेकंदांत खल्लास. ४० हर्ट्झच्या एका लाटेलाच २५ मिलिसेकंद लागतात. ढोलाचा ठोका राहिला बाजूला, त्यातली एक लाट पुरी व्हायच्या आत कपॅसिटर रिकामा, आणि वर तो पुन्हा भरायचा बोजा त्याच अल्टरनेटरवर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खोक्याच्या पाठीवर पेन्सिलीनं खरा हिशेब केलात. क्लास-डी अँपची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १,५०० वॉट बाहेर काढायला १,८७५ वॉट आत घालावे लागतात. १४ व्होल्टनं भागलं की १३४ अँपिअर. आणि व्होल्टेज १४.४ वरून १२ वर घसरलं, की माझ्यासारख्या साध्या अँपमध्ये ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते, म्हणजे १,५०० चे हजारभर वॉट उरतात. खोक्यावर मात्र १,५०० च छापलेलं असतं. त्याच वेळी हेही सांगितलंत की गाणं सलग चालत नाही, ठोका येतो आणि जातो. सरासरी ओढ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल किंवा कमीच. वरचे झटके बॅटरीनं सोसायचे, सरासरी अल्टरनेटरनं भरून काढायची. हा एवढा भेद कुणी समजावून सांगत नाही हो. जो तो मोठ्यातला मोठा आकडा विकायला बसलेला असतो.

आता ज्यासाठी मी तुमचा खरा ऋणी आहे ते. बाकी ठिकाणी मला एकच उत्तर मिळालं होतं: कंपनीचा अल्टरनेटर काढा, तिथं मोठा बसवा. तुम्ही त्याच्या पाठीमागं हात घातलात आणि माझाही हात तिथं नेऊन लावलात. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या शाफ्टवरच व्हॅक्यूम पंप (हवा ओढून घेणारा) असतो, आणि ब्रेकवर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर त्याच्या ओढीवर चालतो. "गाण्यापायी ब्रेक घालवनार हाईस व्हय रं?" असं म्हणून तुम्ही तो विषय तिथंच संपवलात. गगनबावड्याचा घाट मी महिन्यातून उतरतो, मामा. त्या एका वाक्यासाठीच हे पत्र लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मग तुम्ही दोन चुली वेगळ्या मांडल्यात. कंपनीचा अल्टरनेटर पुढची बॅटरी, दिवे, सेल्फ सांभाळणार. नवा २०० अँपिअरचा फक्त मागच्या दोन सीलबंद एजीएम बॅटऱ्या (आम्ल काचेच्या चटईत मुरवलेल्या) आणि अँप. दोन्ही एकत्र जोडले असते तर दोघांच्या रेग्युलेटरची (व्होल्टेज ठरवणाऱ्या भागाची) पातळी कधीच तंतोतंत जुळत नाही. ज्याची थोडी वर, तो आधी सगळा भार घेऊन तापतो आणि दुसरा आरामात बसतो, हे तुम्ही क्लँप मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावून दाखवलंत. आता ठोका कितीही पडू दे, हेडलाइटला त्याचा पत्ता लागत नाही.

ब्रॅकेटवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ते काम मी स्टुलावर बसून सगळं बघितलं. माझ्या गाडीला एसी नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरच्या बोल्टची जागा इंजिनवर रिकामी होती. तुम्ही आधी पुठ्ठा कापलात, मग प्लायवूड, आणि ते दोन्ही मनासारखे बसल्यावरच १२ एमएमच्या पोलादी प्लेटला हात लावलात. शेजारच्या लेथवर बॉस (बोल्ट जाणारे जाड गोल तुकडे) कातून आणले. गाडीवर फक्त टाके मारलेत, तेही बॅटरीचे दोन्ही पोल सोडून आणि जुन्या अल्टरनेटरची वायर काढून, नाहीतर डायोड गेले असते. पूर्ण वेल्डिंग खाली उतरवून, थांबत थांबत, प्लेट ओढू नये म्हणून. पुल्ल्यांवर सरळपट्टी ठेवून फट बघायची, काढायचं, वॉशरएवढं घासायचं, परत लावायचं. मला वाटत होतं की झालं आता. तुम्हाला वाटत नव्हतं.

एवढा जाड पत्रा कशाला, असं तिथं आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं. २०० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २,८०० वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठाच्या आतबाहेर, म्हणजे इंजिनाकडून जवळजवळ पाच किलोवॉट, साडेसहा एचपी. पाच एचपीच्या शेतीपंपापेक्षा जास्त ताकद एका बेल्टमधून ओढायची, आणि ती धडधडणाऱ्या डिझेल इंजिनाच्या अंगाला लटकून. तुम्ही त्या माणसाला हे काही सांगितलं नाहीत. आधाराची आडवी गसेट पट्टी दाखवलीत आणि म्हणालात, "ही नसंल तर सहा महिन्यांत चीर."

पुलीचंही तसंच. प्लेटवर लिहिलेले २०० अँपिअर हे अल्टरनेटर ६,००० फेऱ्यांनी पळत असतानाचे. गाडी सिग्नलला उभी, इंजिन ८०० वर, क्रँकची पुली १५० एमएम आणि अल्टरनेटरची ६०, म्हणजे तो फिरणार २,००० नं आणि देणार त्याच्या निम्म्याच्या आसपास, तापल्यावर आणखी कमी. तुम्ही पुली ५० ला आणलीत. आता उभ्या गाडीत २,४००. लहान पुलीवर बेल्टचा वेढा कमी पडतो आणि तो घसरतो, म्हणून वर आयडलर, बेल्ट दाबून धरणारी मोकळी पुली. इंजिनानं ४,००० फेऱ्या मारल्या तरी अल्टरनेटर १२,००० च्या वर जात नाही, हेही आधीच बघून ठेवलं होतंत.

वायरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझे पैसे आधी गेलेले आहेत. दुकानातून आलेली ती लालभडक जाड वायर तुम्ही ब्लेडनं खरवडलीत. आत चांदीसारखं पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, रोध तांब्याच्या दीडपट, आणि रबराची जाडी सोडली तर आत जेमतेम १६ स्क्वेअर एमएम. तिच्याजागी ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आली, जाताना पाच मीटर आणि येताना पाच मीटर. सहा किलोच्या वर तांबं भरलं ते. तांब्याचा भाव ऐकून मी गप्प झालो होतो, आणि तुम्ही माझ्याकडं न बघता केबल मोजत होता.

येतानाची पाच मीटर ही तुमची खास जिद्द. सगळेजण अर्थिंग जवळच्या पत्र्याला मारतात. आधीच्यांनी तर सीटच्या बोल्टला मारलं होतं, रंगावरून. माझ्या जीपची बॉडी चासीवर रबरी बुशांवर बसलेली आहे, म्हणजे पत्र्यातून निघालेल्या करंटला इंजिनापर्यंत जायला धड वाटच नाही, एक जुनी विणलेली पट्टी सोडली तर. तुम्ही मागच्या बॅटरीचा निगेटिव्ह थेट नव्या अल्टरनेटरच्या अंगापर्यंत तांब्यातून आणलात. शिवाय चासीला जोड दिलात तो रंग घासून, दातेरी वॉशर घालून, आणि वरून परत रंग मारून गंज लागू नये म्हणून.

थिंबल (केबलच्या टोकाला बसतं ते तांब्याचं टोपण) पंच करायचं काम तुमच्याकडच्या पोरानं केलं. हायड्रॉलिक टूलनं षटकोनी दाब देऊन, मग एक थिंबल करवतीनं मधोमध कापून मला दाखवलं: तारा एकमेकींत दबून सलग तांबं झालेलं, फट कुठं नाही. डाग (सोल्डर) का देत नाहीस, विचारलं तर म्हणाला, शिसं तारांत वर चढतं, तिथं केबल कडक होते आणि हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. हे त्याला तुम्ही शिकवलंय हे उघड आहे. तरी त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. ते एक थिंबल त्यानं स्वतःच्या मनानं कापलं होतं.

फ्यूजबद्दल तुम्ही रागावला होतात, माझ्यावर नाही, जुन्या कामावर. तो अँपजवळ होता. "फ्यूज अँपसाठी न्हाई, वायरसाठी असतोय." मागच्या बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर २५० अँपिअरचा एक, अल्टरनेटरच्या टोकाला दुसरा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात वायर कापू नये म्हणून रबरी ग्रोमेट. बसबार, म्हणजे वायरी जुळतात ती जागा, २५ बाय ६ ची तांब्याची पट्टी, हायलमच्या (वीज न वाहणाऱ्या पाटीच्या) तुकड्यावर. बॅटऱ्यांना अँगलचा ट्रे आणि वरून पट्टी, उलटी केली तरी हलणार नाही अशी. डॅशबोर्डवरचा तो साधा स्विच मला फार आवडतो: नव्या अल्टरनेटरचं फिल्ड (आतलं चुंबक जागं करणारा करंट) त्यावरून बंद होतं, त्यामुळे थंडीत सकाळी सेल्फ मारताना इंजिनावर बोजा नाही. इंजिन चालू असताना मागच्या बॅटरीची वायर कधीच सोडायची नाही, हे तुम्ही त्या स्विचखाली मार्करनं लिहूनच ठेवलंय. भार एकदम सुटला की व्होल्टेज उसळी मारतं आणि डायोड, अँप दोन्ही जातात, हे मी आता इतरांनाही सांगत असतो.

शेवटी तुम्ही ५० हर्ट्झचा सलग सूर लावायला सांगून मल्टिमीटर हातात घेतलात. जुन्या वायरचा आकडा तुम्ही आधीच टेपवर लिहून ठेवला होता: १२० अँपिअरला नुसत्या जातानाच्या वायरीत १.१ व्होल्ट गायब. नवीन केबलला १३० अँपिअरला ०.२, येतानाही ०.२. ती टेप अजून ट्रेला चिकटलेली आहे. लोकांना सबवूफर दाखवण्याऐवजी मी ती टेप दाखवतो, आणि त्यांचा हिरमोड होतो.

आवाज कसा आहे, ते तुम्ही विचारलंच नाहीत. चांगला आहे. काचा वर असतात, रात्री दहानंतर बंद असतो, आणि मिरवणुकीतल्या डॉल्बीबद्दल माझं मत काय आहे ते इथं नको. ढोलाचा घुमारा आता शेवटपर्यंत वाजतो, अर्ध्यात बसत नाही. आई पुढच्या सीटवर बसते आणि भजन लावायला सांगते. मृदंगाचा डावा हात पहिल्यांदा ऐकू आला म्हणाली.

लेथवाल्या काकांना माझा नमस्कार सांगा. पोराला मी एक चांगला डीसी क्लँप मीटर आणलाय, तुमचा तो उसना मागतो म्हणून. तो देताना तुम्ही मध्ये पडू नका.

आणि एक विचारायचं आहे. मावसभावाची गाडी २०२१ ची आहे, बीएस-६. तिचं चार्जिंगचं व्होल्टेज गाडीचा संगणकच वरखाली करतो आणि बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर सेन्सर बसलेला आहे, म्हणजे तिथं थेट काही जोडून चालणार नाही, एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही. त्यानं मागं तगादा लावलाय, मी अजून कबूल केलेलं नाही. शनिवारी बेल्टचा ताण बघायला गाडी घेऊन येतोच आहे, तेव्हा त्यालाही आणू का, तेवढं पोराकरवी कळवा.

तुमचा,
जीपवाला