आई, मंडळाची चिटणीस

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईच्या निधनाची बातमी आपण छापलीत, त्याबद्दल आभार. वय, पत्ता आणि ‘पश्चात दोन मुलगे, मुलगी, सुना, नातवंडं’ एवढं चार ओळींत मावलं. लालबाग-परळच्या जुन्या कबड्डीवाल्यांना मात्र ती आमच्या मंडळाची चिटणीस म्हणूनच ठाऊक होती. म्हणून हे पत्र.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि चाळीतले पुष्कळजण कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले. त्यांत आमच्या मंडळाचे खजिनदार होते, चिटणीसही होते. ‘वहिनी, चार दिवस सांभाळा’ म्हणत त्यांनी पावतीपुस्तकं, शिक्का आणि खोलीची चावी आईच्या हवाली केली. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही आणि चावी परत मागायलाही कुणी आलं नाही. पुढे सर्वसाधारण सभेत तिला चिटणीस केलं, तेव्हा एकदोघांनी नाकं मुरडली. बाईमाणूस काय मंडळ चालवणार, वगैरे.

प्रेक्षकाला चढाई दिसते, पकड दिसते. त्यामागचे कागद दिसत नाहीत. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमच्याकडचे पुरुष तो ‘बघू पुढल्या महिन्यात’ म्हणत वर्षानुवर्षं रखडवायचे. आई कापडी पिशवीत फाइल घालून बसने वरळीला जायची आणि पोच घेतल्याशिवाय परतायची नाही. ऑडिट वेळेवर व्हायचं. वर्गणी पाच रुपये असली तरी पावती फाडलीच पाहिजे, यावर तिने माझ्या वडिलांशीही भांडण केलं होतं.

किशोर गटाला वजनाची मर्यादा असते. सामन्याआधी वजन जास्त भरू नये म्हणून पोरं उपाशी राहायची. तिला कळलं की खैर नसे. ‘मेल्या, पोटात अन्न नाय नि चढाई कसली करतंस?’ असं म्हणत ती त्याला घरी आणून पेज वाढायची आणि वजन जास्त भरलं तर बिनदिक्कत त्याचं नाव यादीतून काढायची.

मुलींचा संघ तिने उभा केला. महिलांचं मैदान रुंदीला दहाऐवजी आठ मीटर. पण फक्की मारणारे पुरुषांचंच आखून मोकळे व्हायचे. संध्याकाळी आई पदर खोचून स्वतः दोरी धरायची आणि आतल्या रेषा आखून घ्यायची. सराव संपला की एकेकीला तिच्या दारापर्यंत सोडून यायची. आम्हा भावंडांचं जेवण त्यापायी उशिरा होई आणि आम्ही चिडायचो, हेही खरंच.

त्यातल्या काहीजणी पुढे पोलिसात आणि रेल्वेत लागल्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण प्रमाणपत्रांच्या पडताळणीत जुने पुरावे मागतात. अशा वेळी कुठल्या साली कोण कुणाविरुद्ध खेळलं हे आईच्या रजिस्टरात सापडायचं. दरवर्षी १५ जुलैला, कबड्डीचे थोर संघटक बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपल्याकडे कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी खेळाडूंवर भरपूर लिहिलं जातं, ते योग्यच आहे. एखादा रकाना मंडळांची दप्तरं सांभाळणाऱ्यांनाही द्यावा, ही आपल्याला विनंती.

आणखी एक. आईच्या कपाटात काही जुन्या खेळाडूंचे शाळेचे मूळ दाखले अजून आहेत. ज्यांचे असतील त्यांनी मंडळाच्या खोलीवर येऊन घेऊन जावेत. ओळखपत्र आणावं आणि रजिस्टरात सही करावी. तिच्या नियमाप्रमाणे सहीशिवाय कागद मिळणार नाही.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई