आधी फी भरा, मग शिष्यवृत्ती मागा!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती अर्जांना पुन्हा मुदतवाढ मिळाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘विद्यार्थ्यांना दिलासा’ असा मथळा होता. मी एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळून निवृत्त झालो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या दिलाशाला फारसा अर्थ नाही. मुदत वाढली की छाननी लांबते, छाननी लांबली की शिष्यवृत्तीची बिले लांबतात, आणि पोर्टल सुरू होताच फॉर्म भरणारा मुलगाही शेवटच्या दिवशी भरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. त्याच्याकडे फी मात्र प्रवेशाच्या वेळीच मागितलेली असते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्याकडे योजनांची वानवा नाही, पण त्या सगळ्यांची चाल ‘आधी भरा, मग मागा’ अशी होऊन बसली आहे. प्रवेश पावसाळ्यात होतात. पैसे वर्ष सरता सरता येतात, कधी मूल पुढच्या वर्गात गेल्यावर येतात. तोवर ज्याला पदरचे पन्नास-साठ हजार घालता येतात, तो तरून जातो. ज्याला येत नाहीत, त्याच्यासाठीच तर योजना काढली होती ना?

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशी शासनाची परिपत्रके आहेत. ती कॉलेजांच्या फायलीतही असतात. खिडकीवर काय होते ते मी वर्षानुवर्षे पाहिले. वडील प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून आलेले असतात. “साहेब, आमची फी माफ आहे म्हणतेत,” असे म्हणत ते कॅपचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे पत्र पुढे करतात. आतून उत्तर येते, “माफ आहे हो काका, पण ती शासनाकडून आल्यावर. तोवर निम्मी तरी भरा, आणि राहिलेल्याचे हमीपत्र लिहून द्या.” मग वडील बाहेर जाऊन फोन लावतात. कोणाला लावतात, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. त्या निम्म्या फीवर शेकडा दोन-तीन रुपये महिन्याने व्याज चढते, आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत त्यातला बराच भाग व्याजातच गेलेला असतो.

कॉलेजांना एकट्याला दोष देऊन चालणार नाही. विनाअनुदानित संस्थेत प्राध्यापकांचे पगार फीमधूनच होतात, आणि शासनाचा हिस्सा हप्त्याहप्त्याने, मनाला येईल तेव्हा येतो. थकबाकी संस्थेने सोसायची की पालकाने, एवढाच प्रश्न उरतो आणि पालक सर्वांत अशक्त असल्याने तोच सोसतो. मात्र फी थकली म्हणून मूळ गुणपत्रिका आणि टीसी अडकवून ठेवणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे. मूळ कागदपत्रे संस्थेने स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ मध्येच बजावले आहे.

मुलींच्या फीमाफीबद्दलही लोकांचा मोठा गैरसमज आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्म्याऐवजी पूर्ण सवलत मिळाली. निर्णय चांगलाच आहे. पण ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ असा जो गाजावाजा झाला, त्यात दोन गोष्टी हरवल्या. एक तर ही सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बसभाडे हे सगळे घरूनच भरायचे. आणि दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. प्रवेश कॅप राउंडमधूनच झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातल्या किंवा संस्था पातळीवरच्या जागेला ही सवलत नाही. शेवटच्या फेरीनंतर “कॉलेज तेच, जागा तीच, आजच घेऊन टाका” असे सांगणारे एजंट गावोगाव फिरतात. हा फरक कळतो तो फॉर्म भरायला बसल्यावर. तोवर प्रवेश रद्द करायची वेळ निघून गेलेली असते.

आता फॉर्मकडे वळतो, कारण माझे आयुष्य त्यातच गेले. लोकांना वाटते, ऑनलाइन झाले म्हणजे सोपे झाले. पोर्टल आले, कागद मात्र होते तेच राहिले. तलाठ्याचा अहवाल, त्यावर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास, रेशनकार्ड, बोनाफाईड, मध्ये एखादे वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. यातले बहुतेक कागद शासनाचेच एक कार्यालय देते आणि शासनाचेच दुसरे कार्यालय मागते. शैक्षणिक कामाच्या दाखल्यांसाठी जोडायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे पाचशे रुपयांचे मुद्रांक शुल्क मार्च २०२५ मध्ये माफ झाले. तरीही स्टॅम्प पेपर आणायला पिटाळलेली मुले मला अजून भेटतात. त्यांच्या हातात तो आदेश कोणी ठेवलेला नसतो.

त्यातून नावाचा घोळ. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, आधारवर ते शेवटी येते. माणसाला ते दिसते आणि समजते. यंत्राला समजतेच असे नाही, आणि टेबलावरच्या बाबूला समजून घ्यायचे नसेल तर त्यालाही नाही. अर्ज ‘सेंड बॅक’ होतो. शेऱ्यात लिहिलेले असते, ‘डॉक्युमेंट नॉट क्लिअर’. कोणते डॉक्युमेंट? स्कॅन अंधूक आहे की तारीख संपली आहे? काही पत्ता लागत नाही. शिवाय अर्ज परत आल्याचा मेसेज जातो नोंदवलेल्या मोबाइलवर, आणि तो नंबर पुष्कळदा नेट कॅफेवाल्याचा असतो, कारण फॉर्म भरताना ओटीपीसाठी मुलाच्या फोनमध्ये बॅलन्स नव्हता! कॅफेवाल्याला दिवसाला असे कितीतरी मेसेज येतात. तो कशाला कळवतोय. अर्ज परत पाठवणाऱ्याने चूक नेमकी कोणत्या कागदात आहे आणि काय दुरुस्त करायचे, हे एका मराठी वाक्यात लिहिणे बंधनकारक केले, तर निम्मी रखडपट्टी तिथेच संपेल. याला पैसा लागत नाही.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिष्यवृत्तीत आणखी एक पेच आहे. २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के झाला. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला नेऊन भरायची असते. मधले दलाल गेले, हे उत्तम झाले. पण ज्या घरात खत-बियाण्याची उधारी डोक्यावर आहे, तिथे मुलाच्या खात्यात एकदम मोठी रक्कम आली तर ती तशीच्या तशी कॉलेजच्या काउंटरवर पोहोचेल, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने असे घर पाहिलेले नसावे. त्यातून कॉलेज आणि विद्यार्थी यांच्यात कायमचे वैर लागते. आणि निर्वाह भत्त्याचे म्हणाल, तर व्यावसायिक पदवीसाठी वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये. बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला ११२५. एवढ्यात मेसचे बिल भागवून दाखवावे कोणी! हा भत्ताही वेळेवर आला तर आला.

गंमत अशी की याच योजनेच्या २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत उपाय दिलेला आहे. पात्र विद्यार्थ्याला राज्याने आधीच फ्रीशिप कार्ड द्यावे आणि ते दाखवून त्याला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा, अशी ती सोय. माझी मागणी आहे की हेच सर्व प्रवर्गांना आणि सर्व योजनांना लागू करावे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घ्या, ओबीसी किंवा विमुक्त जाती-भटक्या जमातींच्या योजना घ्या, पात्रता मुख्यतः ठरते ती उत्पन्न, जात आणि अधिवास यांवर. यातले काहीच प्रवेशानंतर नव्याने घडत नाही. मग पात्रता बारावीच्या निकालाआधीच तपासून हातात कार्ड का देऊ नये? प्रवेश झाला की कॉलेजने फक्त अभ्यासक्रम आणि फीचा आकडा भरायचा. ज्यांच्या नावाने आपण योजना चालवतो, त्या शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. आधी स्वतःच्या खर्चाने राहा, पावत्या आणा, मग पाहू, असे म्हणून ती भरली नसती.

कर्जाचा मार्ग आहे, पण त्याबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही आहे. मात्र ती निवडक, वरच्या क्रमांकाच्या संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या बीकॉमवाल्याला तिचा उपयोग नाही.

शासन कधी ऐकेल ते ऐको. यंदा बारावीला असलेल्यांच्या पालकांना मात्र माझे सांगणे आहे, की निकालाची वाट पाहू नका. विज्ञान शाखेच्या मुलांचा जात पडताळणीचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयातूनच जातो, तो आताच द्या. समितीकडे पावसाळ्यात किती गर्दी असते ते तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र घाईने फेब्रुवारीत काढू नका. ३१ मार्चला मुदत संपणारा दाखला जूनमध्ये कामाचा नसतो, म्हणून तलाठ्याकडे एप्रिल उजाडताच जा. फॉर्ममध्ये मोबाइल नंबर घरचाच द्या आणि लॉगिनचा पासवर्ड कॅफेत न ठेवता वहीत लिहून ठेवा.

आणि खाते तपासा. शिष्यवृत्ती फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही, ती आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. सिमकार्ड घेताना कोणीतरी अंगठा घेऊन उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात पैसे पडून राहिल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. मुलगा बँकेत हेलपाटे घालत असतो आणि पैसे भलतीकडेच जमा झालेले असतात. शाळेत असताना काढलेले शून्य शिलकीचे खाते व्यवहार नसल्याने बंद पडलेले असते, तेही केवायसी देऊन सुरू करून घ्यावे लागते. आधार कोणत्या बँकेला जोडले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून लगेच दिसते. त्यासाठी कॅफेवाल्याला पन्नास रुपये द्यायचे कारण नाही.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त मुख्य लिपिक, परभणी
(नाव छापू नये, ही विनंती.)