आम्हाला शिकवायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

पीएचडीला प्रवेश मिळाला की संशोधनासाठी गाइड असतात, पण पदवीच्या वर्गावर तास घ्यायला पाठवताना कुणी काही सांगत नाही. विषय येतो म्हणजे शिकवताही येणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. स्वतःचे तास, पेपर तपासणी सांभाळून तुम्ही आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना तंत्रज्ञान वापरून शिकवण्याचं प्रशिक्षण दिलंत, त्याबद्दल हे जाहीर पत्र.

कोणकोणती अ‍ॅप्स शिकवणार, असं आम्ही विचारलं तेव्हा तुम्ही उलट विचारलंत, "तुमच्या विषयात मुलं नेमकी कुठे अडतात?" त्याचं उत्तर कागदावर उतरेपर्यंत लॅपटॉप उघडू दिला नाहीत. विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान यांची समज एकमेकांत मिसळलेली हवी, हे सांगणारी मिश्रा आणि कोहलर या संशोधकांची २००६ सालची 'टीपॅक' चौकट तुम्ही नंतर दाखवलीत. तोवर ती आमच्या हातून अर्धी घडलेलीच होती.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते वर्गात बहुपर्यायी प्रश्नावर मुलांचं मोबाइलवर मत घेणं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९०च्या दशकापासून वापरत आलेली पद्धत तुम्ही आमच्याकडून करून घेतलीत. वर उडवलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य, असं अनेकांना वाटतं. पर्यायांमध्ये 'शून्य' हवाच, असा तुमचा आग्रह होता. चुकीचे पर्याय मनाने रचायचे नाहीत, मुलांच्या उत्तरपत्रिकांतून उचलायचे. आणि पहिल्या मतदानाचा आलेख लगेच पडद्यावर आणायचा नाही, कारण उंच दांडा दिसला की मुलं विचार सोडून तिकडे वळतात. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मधे असतील तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी असतील तर मुद्दा नव्याने शिकवायचा. माझ्या वर्गात दोन मुली या चेंडूवरून अक्षरशः भांडल्या. शेवटी एकीने विचारलं, "त्वरण शून्य असेल तर चेंडू खाली येईलच कसा?" हे वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर वहीत उतरलं असतं, एवढंच.

दुसरी गोष्ट स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची. आमच्याच स्लाइड्स तुम्ही पडदा बंद करून ऐकवल्यात. आलेख आला की नुसतं "इमेज", पुढच्या स्लाइडवर पुन्हा "इमेज". दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या पदरात आपण काय टाकतो, ते त्या दिवशी कळलं. चित्रांना वर्णन आणि व्हिडिओला कॅप्शन देण्याची सवय तेव्हापासून लागली. शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी आपलं साहित्य असं ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे सरावासाठी घेतलेल्या छोट्या पाठांचे व्हिडिओ तुम्ही एकेकाला शेजारी बसवून पाहिलेत, सगळ्यांसमोर कधीच नाही. त्या मोठेपणाचे आभार वेगळे मानते.

नव्याने तास घेऊ लागलेल्या ज्युनियर्सना तुमची ती "कुठे अडतात?"ची प्रश्नावली द्यायची आहे. तुमची परवानगी असेल तर या सत्रापासूनच सुरुवात करू. आणि एका तासाला तुम्ही यावं, ही आम्हा सर्वांची विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी