पॅरिसचे बिस्ट्रो आणि आपल्या खानावळी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच खाद्यसंस्कृतीवर आलेला लेख आवडीने वाचला. लेख माहितीपूर्ण होता यात शंका नाही. परंतु त्यात आलेली बहुतेक सारी उपाहारगृहे माणशी तीनशे-चारशे युरो घेणारी, मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचे तीन तारे मिरवणारी होती. त्यामुळे उत्तम फ्रेंच जेवण ही धनिकांचीच चैन आहे, असा वाचकांचा ग्रह होण्याचा संभव आहे. वस्तुतः गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पॅरिसमध्ये कल्पक आणि निगुतीने केलेले जेवण सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आणून देणाऱ्या छोट्या बिस्ट्रोंची एक परंपराच उभी राहिली आहे, आणि बेळगावच्या दृष्टीने त्या पंचतारांकित दालनांपेक्षा हीच बाजू अधिक कामाची आहे. रविवार पेठेतून शहरातील हॉटेलांना व खानावळींना किराणा माल पुरवण्यात माझी हयात गेली, आणि मुलगी नोकरीनिमित्त पॅरिसला असल्याने तिकडचे बिस्ट्रोही व्यापाऱ्याच्या नजरेने पाहता आले, एवढाच माझा या विषयावर लिहिण्याचा अधिकार.

बिस्ट्रो म्हणजे मुळात गल्लीतील लहानसे भोजनगृह. नवरा-बायको मिळून चालवतात, ठरलेले चार पदार्थ असतात आणि येणारे गिऱ्हाईक बहुधा ओळखीचे असते. त्याचे नवे रूप घडले ते मंदीच्या काळात. १९९०च्या दशकाच्या आरंभी आखाती युद्धानंतर पॅरिसमधील बड्या हॉटेलांचे गिऱ्हाईक आटले होते. त्या सुमारास क्रियों या जुन्या राजेशाही हॉटेलच्या मुदपाकखान्यात क्रिस्तियाँ कॉन्स्ताँ यांच्या हाताखाली तयार झालेले इव्ह कांदबोर्द यांनी ती प्रतिष्ठेची नोकरी सोडली आणि १९९२ साली शहराच्या दक्षिण टोकाला, चौदाव्या प्रभागात, ‘ला रेगालाद’ नावाचा बिस्ट्रो चालवायला घेतला. झुंबरे नाहीत, चांदीची भांडी नाहीत, दाराशी गणवेशातला दरबान नाही. मात्र हात तोच, शिस्त तीच, आणि पूर्ण जेवणाचा दर एकच ठरलेला. कॉन्स्ताँ यांच्याच तालमीतले आणखी काही आचारी पाठोपाठ अशाच आडबाजूच्या जागांत गेले. पुढे २००४ साली सेबास्तियाँ दमोराँ या पत्रकाराने या प्रकाराला ‘बिस्ट्रोनोमी’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. नाव मागाहून आले, धंदा त्याआधी बारा वर्षे चालला होता, हे मला विशेष वाटते.

आता हे जमते कसे, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर पाककौशल्याइतकेच हिशेबात आहे. अशा बिस्ट्रोत छापील मेनू कार्ड नसते. एका काळ्या पाटीवर खडूने त्या दिवसाचे तीन-चार आरंभीचे पदार्थ, तितकेच मुख्य आणि तितकेच गोड पदार्थ लिहिलेले असतात, आणि वाढपी ती पाटीच उचलून आणून आपल्या शेजारच्या खुर्चीवर टेकवून ठेवतो. पदार्थ मोजके असल्यामुळे माल मोजका लागतो, तो सकाळी बाजारातून येतो आणि रात्रीपर्यंत संपतो. शिळे उरत नाही, शीतपेटीत पैसा अडकून पडत नाही. वांगी स्वस्त झाली की पाटीवर वांगी चढतात, महाग झाली की पुसली जातात. महागड्या मांसाऐवजी मेंढीच्या खांद्यासारखा स्वस्त भाग घेऊन तो तासन्‌तास मंद आचेवर मुरवला जातो. कवडीमोल हाडांचा अर्क काढून त्याचे सार केले जाते. खर्च होतो तो मुख्यतः आचाऱ्याच्या वेळेचा आणि अकलेचा. जागाही भर वस्तीतली हमरस्त्यावरची नसते. दहाव्या, अकराव्या, बाराव्या प्रभागातील भाडे परवडेल अशा गल्ल्यांत, कोपर कोपराला लागेल इतक्या दाटीवाटीत पंचवीस-तीस माणसे बसतील एवढीच ती असते.

एक पदार्थ जवळून सांगतो. आपल्या बांगड्याच्याच कुळातला मासा तिथेही मिळतो आणि तिथेही तो गरिबाचाच मासा समजला जातो. एका दुपारी तो माझ्यासमोर आला तेव्हा काटे चिमट्याने वेचून काढलेले होते, कातडीवर केवळ आचेचा झोत फिरवून ती तडतडेपर्यंत करपवलेली होती आणि आतले मांस जेमतेम शिजलेले, ओलसर होते. खाली शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) मुरवलेल्या काकडीच्या पातळ चकत्या, बाजूला मोहरीचा चमचाभर लगदा आणि वरून बडीशेपेसारखा वास येणारी हिरवी पालवी. बस्स. त्यात किमतीचे असे काहीही नव्हते. गोव्याहून आणि कारवारहून रोज पहाटे बेळगावात उतरणाऱ्या बांगड्याच्या टोपल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा पदार्थ आपल्यापासून फार दूरचा वाटणार नाही.

दराचे म्हणाल तर दुपारी दोन किंवा तीन पदार्थांचे असे जेवण साधारण वीस ते तीस युरोंत होते. त्याचे रुपये करून आपण दचकतो, पण तो हिशेब बरोबर नाही. फ्रान्समधील किमान वेतन ताशी बारा युरोंच्या आसपास आहे. म्हणजे सर्वांत कमी पगाराच्या माणसाची दोन-अडीच तासांची मजुरी झाली. ती रोज खर्च करण्याजोगी नसली तरी महिन्याकाठी एखाद्या दिवशी नक्कीच करण्याजोगी आहे. शिवाय पाटीवर लिहिलेला आकडा तोच बिलाचा आकडा असतो. कर आणि वाढप्याचा मेहनताना त्यातच धरलेला असावा लागतो, दरपत्रक दाराबाहेर लावावे लागते, पाव आणि साध्या नळाच्या पाण्याचा तांब्या यांचे वेगळे पैसे लागत नाहीत. २०१४ पासून कच्च्या मालापासून तिथेच रांधलेल्या पदार्थाला ‘घरी केलेले’ अशी अधिकृत खूण लावता येते. भांड्यावर झाकणाऐवजी घराचे छप्पर, असे ते चिन्ह आहे. बाहेरून तयार पाकिटे आणून गरम करून वाढणारे तिथेही पुष्कळ निघाले, म्हणूनच ही खूण काढावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. नाव झाले की दर चढतात. २००६ पासून गाजलेले ‘ल शातोब्रियाँ’ किंवा २०११ साली बर्त्राँ ग्रेबो यांनी सुरू केलेले ‘सेप्तिम’ ही या चळवळीतली बिनीची नावे. पण सेप्तिमला मिशेलिनचा तारा मिळाला आणि आता तिथे बरेच दिवस आधी जागा धरून ठेवल्याशिवाय बसायला मिळत नाही. माझ्या मते स्वस्त बिस्ट्रो म्हणून त्यांचे उदाहरण आता देऊ नये. याहून स्वस्त अशी ‘बुइयों’ म्हणून ओळखली जाणारी मोठमोठी भोजनगृहेही पॅरिसमध्ये आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्यूवाल नावाच्या एका खाटकाने बाजारातील श्रमिकांसाठी मांसाचे सार विकण्यापासून त्यांची सुरुवात केली. १८९६ चे ‘शार्तिए’ अजून चालू आहे आणि २०१७ साली पिगाल भागात नवे निघाले. तिथे पोट भरते, खिसाही सांभाळला जातो. कल्पकतेची अपेक्षा मात्र कोणी करू नये.

बेळगावकडे वळतो. शहरात हॉटेले वाढली, रोषणाई वाढली, आणि मेनू कार्ड पोथीएवढे जाड झाले. दीड-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या एका हॉटेलला मी बरीच वर्षे काजू, मगज आणि मसाले पुरवले. माल कशासाठी जातो हे मला माहीत होते: लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळी पातेलेभर करून ठेवायच्या आणि दिवसभर त्यांच्यात पनीर, भाजी किंवा कोंबडी सोडून नाव बदलत राहायचे. गिऱ्हाईक निवड करतो आहे असे समजतो. प्रत्यक्षात निवड तीनाचीच असते. त्यापेक्षा ‘आज एवढेच आहे’ असे पाटीवर लिहिणारा मला अधिक प्रामाणिक वाटतो. (पाटी कोणत्या भाषेत असावी हा आपल्याकडचा वाद तूर्त बाजूला ठेवू, आधी पाटीवर लिहावे असे काही शिजू द्या.)

गंमत अशी की बिस्ट्रोचे अर्धे शहाणपण आपल्या जुन्या खानावळींत पूर्वीपासून आहे. ठरलेले ताट, ठरलेला दर, रोजचा बाजार, मोजकी बाके. शहापूर, वडगाव, खडेबाजार भागांतील खानावळी याच हिशेबावर टिकल्या. कमी पडते ते दुसरे अर्धे, म्हणजे शिकलेल्या हाताची कल्पकता आणि पदार्थ रोज बदलण्याची हिंमत. तो शिकलेला हात आपल्याकडे नाही असेही नाही. बेळगाव-खानापूर भागातील किती तरी मुले हॉटेल व्यवस्थापन शिकून गोव्यातील मोठ्या हॉटेलांत आणि परदेशी जहाजांवर स्वयंपाकघरात राबत आहेत. त्यांना कढ काढणे, सार आटवणे, माशाचे काटे वेचणे हे सारे येते. परत येतात तेव्हा मात्र आपल्या गावात त्यांच्यासमोर पर्याय दोनच असतात: ग्रेव्हीच्या पातेल्याशी उभे राहणे, नाहीतर चायनीजचा गाडा.

मालाची तर आपल्याकडे चंगळ आहे. पश्चिम भागातली रताळी आणि बटाटे, बेळगाव बासमती तांदूळ, खानापूरचे काजू आणि फणस, कोकम, पावसाळ्यात जंगलातून येणारी अळंबी. याच अळंबीच्या जातभाईंसाठी पॅरिसचा आचारी शरद ऋतूत मुद्दाम पाटी बदलतो. आपल्याकडे ती दोन-चार आठवडे रस्त्याच्या कडेला पानांवर विकली जाते आणि शहरातील एकाही मोठ्या हॉटेलच्या यादीत येत नाही. रताळ्याला तर आपण उपवासाच्या पलीकडे जाऊच दिलेले नाही. फ्रेंच पदार्थांची नक्कल करा असे मी सुचवीत नाही. लोण्याचा फ्रेंच हात बेळगावात चालेल की नाही हा भाग वेगळा. उचलायची आहे ती त्यांची मांडणी आणि काटकसर.

‘आपल्याकडे कुटुंबे येतात, मुलांना नूडल्स आणि आजोबांना भाकरी लागते, चार पदार्थांवर कसे भागेल?’ हा आक्षेप मला हॉटेलवाल्यांकडून नेहमी ऐकायला मिळतो. तो खोटा नाही. पण पाच लाखांवर वस्तीच्या शहरात रोज दोन वेळा तीस माणसे मिळण्यापुरताच हा प्रश्न आहे. मोठ्या दालनाला सर्वांना खूश ठेवावे लागते. लहान जागेला ते ओझे नसते. कॉलेज रोडवरचे भाडे परवडणार नाही हे मान्य, मग अनगोळ किंवा वडगावच्या आतल्या रस्त्यावर जागा घ्यावी. चांगले जेवण असेल तर बेळगावकर शोधत येतो. मांड्यांसाठी आणि कुंद्यासाठी तो गल्लीबोळांत जातोच की.

राहिला मुद्दा वृत्तपत्राचा, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. पॅरिसचे आचारी आडगल्लीत गेले तरी टिकले, कारण तिथवर जाऊन लिहिणारे होते. ‘ल फुडिंग’ ही मार्गदर्शिका २००० सालापासून अशा जागांची दखल घेत आली. १९०० पासून निघणाऱ्या, ताऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिशेलिननेसुद्धा १९९७ पासून ‘बिब गुर्मां’ हे वेगळे मानचिन्ह सुरू केले, ते माफक दरात उत्तम जेवण देणाऱ्यांसाठी. महागड्या हॉटेलाला जाहिरात करता येते. तीस खुर्च्यांच्या जागेला ती परवडत नाही, तिची भिस्त लिहिणाऱ्यावर असते.

तरी आपल्या वृत्तपत्राने आठवड्यातून एकदा, चार बोटे जागा का होईना, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागांतील एका लहान भोजनगृहासाठी राखून ठेवावी, अशी विनंती आहे. प्रतिनिधीने आगाऊ न कळवता जावे, बिल स्वतः भरावे, काय खाल्ले आणि दर किती ते आकड्यासह छापावे, आणि त्या आठवड्यात त्याच जागेची जाहिरात घेऊ नये. जेवण बिघडले असेल तर तेही छापावे. सुरुवात कोठून करावी याविषयी माझ्या मनात तीन-चार जागा आहेत. पण त्यांतील दोघे माझ्याच दुकानातून माल नेतात आणि एकाची उधारी अजून बाकी आहे, तेव्हा नावे मी सुचवणे बरे नव्हे. निवड आपण करावी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
रविवार पेठ, बेळगाव