सेकंदाला दोन बादल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात तुमच्या अंकाच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात धरणसाठ्याची चौकट येते. आमच्या घरी पेपर आला की आधी ती चौकट वाचली जायची, पहिलं पान त्यानंतर. वाचणारे माझे आजोबा. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. कानावर शिसपेन्सिल, मांडीवर दोनशे पानी वही आणि शेजारी निवत चाललेला चहा. कोयनेचा आकडा वहीत उतरला की मगच कप तोंडाला लागायचा. गेल्या महिन्यात, सत्त्याऐंशीव्या वर्षी नाना गेले. तुमच्या त्या चौकटीचे आभार मानायचे राहून गेले होते, आणि एक विनंतीही आहे, म्हणून हे पत्र.

नाना स्थापत्य अभियंता. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यातली उमेदीची वर्षं कोयनेवर. १९९६ साली निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले, "आजपासून मी उपयुक्त साठ्यातून मृत साठ्यात जमा. पाणी आहे, पण कालव्याला सोडता येणार नाही." खात्यातली माणसं त्यानंतर कित्येक वर्षं हे वाक्य एकमेकांच्या निरोप समारंभात वापरत होती, असं त्यांचे जुने सहकारी परवा दहाव्याला सांगत होते. दहाव्याला हशा पिकलेला मी पहिल्यांदाच ऐकला. नानांना तो आवडला असता.

आकडे त्यांना खेळण्यासारखे होते. मी तिसरीत असताना त्यांना विचारलं, टीएमसी म्हणजे काय? ते मला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हणाले, हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा एक हौद डोळ्यांसमोर आण. तो काठोकाठ भरला की एक टीएमसी. कोयनेत असे शंभरावर हौद मावतात. आणि क्युसेक? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. "धरणातून दहा हजार क्युसेक सोडले असं छापून आलं, की वीस हजार बायका एकाच वेळी बादली उपडी करतायत असं समजायचं, आणि ते दर सेकंदाला." मग स्वतःच दुरुस्ती केली, "बायकाच का? पुरुषही." आजी स्वयंपाकघरातून ऐकत होती. साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी होतो, हा हिशेब मला पाढ्यांसोबत पाठ झाला.

एका रात्रीवर मात्र त्यांनी कधीच विनोद केला नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगरची वसाहत त्या भूकंपात कोसळली, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. माझे बाबा तेव्हा सहा महिन्यांचे. नानांनी आजीला आणि बाळाला गोधडीत गुंडाळून उघड्या माळावर बसवलं, शेजारच्या घरातल्या दोघांना मातीतून ओढून काढलं आणि उजाडायच्या आत बॅटरी घेऊन धरणाकडे निघाले. धरणाच्या पोटात पाहणीसाठी गॅलरी असते, तिच्यात उतरले. आत नेहमीपेक्षा जास्त पाणी झिरपत होतं, पायाखाली ओल होती, आणि धक्के थांबलेले नव्हते. माळावर तोवर धरण फुटलं, धरण फुटलं अशी हाकाटी उठली होती. आजी सांगायची, दुपारी ते परत आले तेव्हा भुवयांवरसुद्धा धूळ होती. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले. ते एवढंच म्हणाले, "उभं आहे."

दरवर्षी ११ डिसेंबरला ते चारला उठून ओसरीवर बसायचे. कोणाशी बोलायचे नाहीत. साडेपाचला आंघोळ, आणि मग नेहमीचे नाना.

भेगा धरणाच्या मानेशी पडल्या होत्या. धरणाचा माथा सडपातळ असतो, खाली ते पाय फाकून उभं असतं. मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथे धक्क्याचा ताण साचला. नाना हे आमची मान धरून समजावायचे. पुढे त्या भिंतीला मागच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन ती मजबूत केली गेली. त्या कामावर नाना होते. "धरणाला आम्ही पाठीमागून उशा लावल्या," असं सांगायचे. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीविषयी ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाविषयी बोलावं तसं बोलायचे. कोणी धरणाचं फार कौतुक केलं, तर पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण पहिल्यांदा तेच काढायचे. शिवसागर जलाशयाच्या काठावर उभं राहून आम्हाला सांगायचे, इथे शेतं होती, त्या तिथे देऊळ होतं.

१३ मार्च १९९९ ला कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी लेक टॅपिंग झालं, म्हणजे भरल्या जलाशयाला पाण्याखालून बोगद्याचं तोंड फोडलं, तेव्हा ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तरी आदल्या रात्री झोपले नाहीत. भरलेल्या रांजणाला खालून भोक पाडायचं आणि रांजण फुटू द्यायचा नाही, असलं ते काम. फोन आला, "झालं," आणि नानांनी गल्लीत पेढे वाटले.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी शिरलं. आत्या तिथे नदीजवळच राहते. नाना फोनवर तिच्याकडून एकेक पायरी मोजून घेत होते आणि इकडे विसर्गाचे आकडे कागदावर मांडत होते. म्हणाले, "आधी कागदपत्रं माळ्यावर टाक, मग धान्य, मग जागा उरली तर नवरा." आत्या रडत होती, ती हसायला लागली. त्यांचा हिशेब बरोबर आला, ती मंडळी वेळेत बाहेर पडली. नानांची थट्टा नेहमी अशी समोरच्याचा हात धरून यायची. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तवाहिन्यांचं चित्र दाखवलं तेव्हाही ते आधी माझ्या बाबांकडे बघून हसले आणि मग डॉक्टरांना म्हणाले, "गाळ काढणार की उंची वाढवणार?"

आता विनंती. अलीकडे चौकटीत कधी कधी फक्त टक्के छापलेले असतात. नानांना त्याचा फार त्रास व्हायचा. गावचा पाझर तलाव ऐंशी टक्के आणि कोयना ऐंशी टक्के, यातून नदीकाठच्या माणसाला काय कळणार? टक्क्यांसोबत साठा टीएमसीमध्ये द्यावा, आणि आवक व विसर्ग क्युसेकमध्ये. सोबत एक ओळ, क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण दोन बादल्या. कृष्णाकाठच्या बायामाणसांनी पाणी सोडल्याची बातमी वाचून घाबरून जाण्याऐवजी हिशेब करावा, ही नानांची फार इच्छा होती.

कळावे,
आपली एक वाचक,
कराड

ता. क. : नानांच्या १९९६ पासूनच्या वह्या आमच्याकडे आहेत, दर पावसाळ्याची एक. २००५ ची तेवढी भिजून पानं चिकटली आहेत, बाकी सगळ्या नीट वाचता येतात. अभ्यास करणाऱ्या कोणाला पाहायच्या असतील तर तुमच्यामार्फत जरूर कळवावे.