बाटलीतला कापूस

प्रिय ढोल्या,

चार महिने तुला फोन नाही की पत्र नाही. चूक माझीच. तब्येत बरी आहे; रक्तातला एचआयव्हीचा व्हायरल लोड यंदाही तपासणीत दिसला नाही, शुगर जरा वाढलीय, बस.

आमच्या गटातला सातारकडचा पोरगा, 22 वर्षांचा, 11 दिवसांपूर्वी खोली सोडून गावी निघून गेला. गोळ्यांची बाटली बॅगेत खुळखुळते म्हणून घाबरायचा, तेव्हा आत कापूस कोंबायला मीच शिकवलं. रूममेटने डोकेदुखीची गोळी शोधताना बाटली उघडली, कापूस उपसला आणि विचारलं, 'एवढं काय लपवतोयस?' पोरगा बाटली तिथेच टाकून पळाला.

म्हणजे 11 दिवस गोळी नाही. रोज एचआयव्हीची एक गोळी, टीएलडी, घ्यायची, ती एआरटी सेंटरला, म्हणजे सरकारी उपचार केंद्रात, फुकट मिळते, रक्तातला विषाणू दबलेला राहिला की जोडीदाराला लागण होत नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. माहिती कमी पडली नाही रे. मी त्याला लपवायला शिकवलं, तेच त्याच्या अंगाशी आलं. गोळ्या साताऱ्यातही मिळतात, पण तिथे ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने तो जाणार नाही. आणि मी गावी जाऊन दारात उभा राहिलो तर घरचे विचारणार, हा कोण? त्याच्या संमतीशिवाय त्याचं काही सांगायचं नाही असं 2017 चा एचआयव्हीचा कायदा म्हणतो. कायदा नसता तरी मी तोंड उघडलं नसतं.

2018 आठवतं? मी गोळ्या सोडल्या होत्या. 6 सप्टेंबरला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आपण सुटलो, आपली पोरं नाचत होती आणि तू माझ्याशी अबोला धरून बसला होतास! चारच दिवसांनी तो एचआयव्हीचा कायदा लागू झाला, तेव्हा कुणी ढोल वाजवला नाही. तू मात्र आलास, पाव किलो जिलबी घेऊन, निम्मी वाटेत संपवून. तासभर भांडलास आणि माझी बाटली कपाटातून काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवलीस. ती आजही तिथेच आहे. त्या पोराला मी कापूस दिला, ओट्यावरची जागा दाखवलीच नाही.

म्हणून काल तुला न विचारता तुझा नंबर त्याला पाठवला. तुझ्याविषयी काही सांगितलं नाही. 'माझा जुना मित्र आहे, ओरडतो, पण त्याच्याशी बोल' एवढंच. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

काकूंचा गुडघा कसा आहे? दुकान बरं चाललंय ना? अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, माहितेय मला. थोडे दिवस उचल. समोर गिऱ्हाईक असलं तरी उचल.

तुझा,
लुकड्या